इंग्लंडमधल्या खेड्यातलं चर्च बघायला जाताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दरवर्षी मे उजाडला की निरोप यायला लागतात. मुलाकडे किंवा मुलीकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचे, आणि त्यांना कुठे कुठे फिरवायचं या विचारात पडलेल्या मुलांचे. लंडन झालं, बाथ झालं, स्टोनहेंज झालं. आता घराजवळ चालायला जातो, तर वाटेत एक जुनं, लहानसं दगडी चर्च दिसतं. आत जावं का? जाऊन बघायचं काय? तेच तेच प्रश्न येत राहिले, म्हणून उत्तरं एकत्र लिहून ठेवली. हे चर्च ऑफ इंग्लंडच्या गावच्या चर्चबद्दल आहे. लंडनची ॲबी किंवा मोठी कॅथेड्रलं इथे नाहीत. उदाहरणासाठी बहुतेक ठिकाणी एकच चर्च घेतलं आहे: विल्टशरच्या उत्तर टोकाला, थेम्सकाठचं इंगल्शम.

१. आम्ही ख्रिश्चन नाही. आत गेलेलं चालतं का? कोणी हटकेल का?

चालतं. हटकायला बहुतेक वेळा आत कोणी नसतंच. आपल्याकडे देवळात पुजारी, गुरव, फुलवाला, कोणीतरी असतंच. त्यामुळे रिकाम्या चर्चमध्ये शिरताना चोरासारखं वाटतं. तसं वाटून घेऊ नका. दार उघडं म्हणजे या असाच अर्थ.

दाराला मोठी लोखंडी कडी असते. ती नुसती ओढून उपयोग नाही. पीळ दिल्यासारखी फिरवायची, आतली पट्टी खटकन उचलली जाते, मग खांद्याने दार लोटायचं. निम्मे लोक कडी ओढतात आणि "बंद आहे" म्हणत परत जातात. पोर्चला जाळीचं दार असेल तर ते आठवणीने लावा. पाकोळ्या आत शिरतात आणि बाहेर पडता न आल्याने मरतात.

२. चपला-बूट काढायचे का? डोकं झाकायचं का?

बूट काढायचे नाहीत. पोर्चमध्ये बुटांची जोडी दिसली तर ती चिखलातून चालत आलेल्या कुणाची तरी असते. फरशी खराब होऊ नये म्हणून काढलेली, सोवळं म्हणून नव्हे. तुमचेही बूट चिखलाने भरले असतील तर काढा. मात्र नोव्हेंबरात त्या फरशीवर मोज्यांनी उभं राहणं म्हणजे शिक्षा आहे.

पुरुषांनी टोपी काढायची, ही जुनी रीत. बायकांनी डोक्यावर पदर घेतला काय, न घेतला काय, कोणी बघत नाही.

३. तिकीट असतं का? पेटीत किती टाकावे?

तिकीट नसतं. पण सरकार ही चर्चं चालवतं असा जो समज आहे तो चुकीचा. छप्पर गळलं तर पैसे गावानेच उभे करायचे, आणि गावात रविवारी येणारी माणसं कधी कधी दहासुद्धा नसतात. देशभरात चर्च ऑफ इंग्लंडच्या साधारण १६,००० इमारती आहेत आणि त्यातल्या १२,००० हून जास्त संरक्षित वारशाच्या यादीत आहेत. म्हणजे कौल बदलायचा तरी परवानगी आणि खास कारागीर. दोन-पाच पौंड टाकलेत तर ते वाया जात नाहीत.

पेटीजवळ 'गिफ्ट एड'चं पाकीट असतं. तुम्ही ब्रिटनमध्ये आयकर भरत असाल तरच ते भरा. मग तुमच्या एका पौंडामागे चर्चला सरकारकडून २५ पेन्स आणखी मिळतात. भेटीला आलेल्या आई-बाबांच्या नावाने भरू नका. ते इथे कर भरत नाहीत.

४. वीस मैल गाडी चालवत गेलो आणि कुलूप होतं. आधी कसं कळणार?

छपरावरचं शिसं चोरीला जाण्याचे प्रकार गेल्या काही वर्षांत फार झाले, त्यामुळे काही चर्चं बंद ठेवतात. सूचनाफलकावर बहुधा दोन नावं आणि फोन असतात. ती माणसं चर्चवॉर्डन, म्हणजे आपल्याकडच्या देवस्थानाच्या पंचांसारखी. फोन केला की बऱ्याचदा दहा मिनिटांत कोणीतरी किल्ली घेऊन येतं, आणि मग तासभर सोडत नाही.

काही ठिकाणी किल्ली शेजारच्या घरी असते. केंटमधल्या रोमनी मार्शमध्ये, चहूकडे पाणथळ कुरण आणि मेंढ्या, मध्ये एकटं उभं असलेलं फेअरफील्डचं चर्च आहे. तिथे पूर्वापार जवळच्या घरातून किल्ली घेऊन जायचं. जाण्याआधी त्या चर्चच्या पानावर बघून घ्या.

जी चर्चं 'चर्चेस कॉन्झर्वेशन ट्रस्ट'कडे आहेत ती बहुतेक दिवसा उघडी असतात. नियमित उपासना थांबलेल्या चर्चांसाठी १९६९ साली ही संस्था सुरू झाली. तिच्याकडे आज ३५० हून जास्त चर्चं आहेत आणि इंगल्शम त्यांपैकीच एक. पहिल्यांदाच जात असाल तर असंच एखादं निवडा.

५. आत गेल्यावर काय कुठे असतं? आम्हाला सगळी चर्चं सारखीच वाटतात.

आधी दिशा बघा. वेदी पूर्वेला असते आणि मनोरा असला तर बहुधा पश्चिमेला. तुम्ही बहुतेक वेळा दक्षिणेच्या पोर्चमधून शिरता. म्हणजे दारातून आत आल्यावर उजवीकडे वेदी, डावीकडे मनोरा.

देवळाची कल्पना डोक्यात ठेवली तर सोपं जातं. लोक बसतात तो लांब भाग म्हणजे नेव्ह, आपला सभामंडप म्हणा. त्यापुढचा, बहुधा अरुंद आणि ठेंगणा भाग म्हणजे चॅन्सल, गाभाऱ्याच्या जागी. दोन्हींच्या मध्ये कमान. पूर्वी तिथे लाकडी जाळीचा पडदा असायचा, काही ठिकाणी अजून आहे. नेव्हच्या बाजूंना खांबांच्या ओळीपलीकडे पडव्या काढल्यासारखा भाग असतो, तो आईल. बाप्तिस्म्याचं दगडी कुंड दाराजवळ असतं, कारण बाप्तिस्मा म्हणजे मंडळीत प्रवेश. बऱ्याच चर्चांत सगळ्यात जुनी वस्तू हे कुंडच असतं. भिंती पाडून नव्या बांधल्या तरी कुंड तेच ठेवलं.

गाभाऱ्याची उपमा इथवरच ताणा. चॅन्सलमध्ये मूर्ती नसते आणि तिथे पाऊल टाकायला मनाई नसते. वेदीच्या समोर कठडा असेल तर त्याच्या आत मात्र जाऊ नये.

६. हे चर्च कोणत्या साली बांधलं?

सगळ्यात जास्त वेळा येणारा प्रश्न, आणि याला बहुतेक वेळा उत्तर नाही. खेड्यातलं चर्च एका साली बांधलेलं नसतं. आपला जुना वाडा आठवा: पणजोबांनी चार खण बांधले, आजोबांनी माडी चढवली, कुणीतरी परसाकडची भिंत फोडून मोरी काढली, वडिलांनी पत्रे घातले. वाडा किती सालचा, असं विचारलं तर काय सांगाल?

साल विचारण्यापेक्षा सांधे शोधा. बाहेरून चर्चला एक पूर्ण फेरी मारा. भिंतीत उभी सरळ रेघ दिसते, जिथे दगड एकमेकांत गुंतलेले नाहीत? तिथे एक बांधकाम संपून दुसरं सुरू झालं. मनोऱ्याच्या पूर्व अंगावर उलट्या व्ही अक्षरासारखी दगडी रेघ दिसते? ते जुन्या, जास्त उतरत्या छपराचं माप. नेव्हचं छप्पर पुढे चपटं केलं, रेघ तेवढी राहिली. बुजवलेलं दार, अर्धी कापलेली खिडकी, एका बाजूचे खांब गोल आणि दुसऱ्या बाजूचे अष्टकोनी, यातलं एक जरी सापडलं तरी निदान दोन पिढ्या तुमच्यासमोर आहेत. उत्तरेकडचा आईल आजोबांच्या काळात झाला, दक्षिणेकडचा नातवाच्या.

आत मोबाइलची बॅटरी भिंतीला चिकटून आडवी धरा. समोरून उजेड टाकला तर काही दिसत नाही. आडव्या उजेडात छिन्नीचे घाव, कोरलेली अक्षरं, कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं उठून दिसतात. ही फुलं वाईट शक्ती दूर ठेवण्यासाठी कोरत, असं बरेच अभ्यासक मानतात. उंबऱ्यावरची रांगोळी आठवल्याशिवाय राहत नाही.

७. निदान अंदाज बांधायला खिडक्या-कमानींची काही खूण?

आहे. बांधकामाच्या तऱ्हांची पुढे येणारी नावं १८१७ साली थॉमस रिकमन या माणसाने रुळवली. हा लिव्हरपूलमध्ये विम्याच्या कचेरीत हिशेब लिहायचा आणि सुट्टीच्या दिवशी चर्चं मोजत हिंडायचा. त्याची वर्गवारी अजून चालते.

१०६६ साली फ्रान्सकडच्या नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं; त्याआधीचं ते सॅक्सन. अरुंद, उंच, बाहेरच्या कोपऱ्यात एक दगड उभा, एक आडवा, असे रचलेले. डरॅम परगण्यातलं एस्कमचं चर्च सातव्या शतकातलं; जवळच्या पडक्या रोमन किल्ल्याचे दगड आणून बांधलेलं. मग नॉर्मन, साधारण ११९० पर्यंत: जाड भिंती, अर्धगोल कमानी, त्यांवर नागमोडी नक्षी. हेरफर्डशरमधलं किलपेक बघा, साधारण ११४० चं. छपराखाली ओळीने कोरलेली तोंडं आहेत. त्यात कुत्रा आणि ससा असे शेजारी बसलेत की लहान मुलं तिथून हलत नाहीत.

तेराव्या शतकात कमान टोकदार झाली, खिडक्या लांब, अरुंद, भाल्याच्या पात्यासारख्या. ही अर्ली इंग्लिश. साधारण १२९० पासून खिडकीच्या वरच्या भागात दगडाची जाळी आली, पानांसारखी, ज्योतीसारखी वळणारी. ही डेकोरेटेड. १३४८-४९ मध्ये प्लेगची मोठी साथ आली, कारागीर मेले, कामं अर्धवट राहिली. त्यानंतरची दोनेकशे वर्षं पर्पेंडिक्युलर: जाळी सरळ उभ्या पट्ट्यांची, खिडकी इतकी मोठी की भिंत कमी आणि काच जास्त.

८. मग गोल कमान दिसली की नॉर्मन, असं बिनदिक्कत म्हणू का?

म्हणू नका. आपल्याकडे काळा दगड आणि चुन्याशिवाय बांधकाम दिसलं की सरसकट 'हेमाडपंती' म्हणून मोकळे होतात, तसं होईल.

पहिली फसगत खिडकीची. भिंत बाराव्या शतकातली आणि खिडकी पंधराव्या शतकात भोक मोठं करून बसवलेली, हे नेहमीचं. खिडकीवरून खिडकीची तारीख कळते, भिंतीची नव्हे.

दुसरी, मोठी फसगत व्हिक्टोरियन काळाची. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडभर चर्चांचा 'जीर्णोद्धार' झाला. जुना गिलावा खरवडला, बाकं काढली आणि मूळचं असं असावं अशा समजुतीने तेराव्या शतकाच्या तऱ्हेच्या खिडक्या नव्याने घडवल्या. कडा फार धारदार, सगळे दगड एका रंगाचे, खाली चकचकीत नक्षीच्या लाद्या, पिवळसर पॉलिश केलेली एकसारखी बाकं: हे दिसलं की सावध व्हा.

याच लाटेतलं एक चर्च मुंबईकरांच्या ओळखीचं आहे. कुलाब्याचं अफगाण चर्च. टोकदार, अरुंद खिडक्या, उंच शिखर, बघितलं तर तेरावं शतक वाटावं. पण ते वापरात आलं १८५८ साली. इंग्लंडात येण्याआधी ते एकदा निरखून बघितलंत तर इथली व्हिक्टोरियन कामं चटकन ओळखू येतील.

९. इंगल्शमला नेमकं काय बघायचं? आम्हाला तर पडकं वाटलं.

पडकं वाटणं हेच तिथलं वैभव. प्रश्न ८ मधला जीर्णोद्धार या चर्चला शिवला नाही.

लेचलेड या लहान गावापासून मैलभरावर, मुख्य रस्ता सोडून आत गेलं की दोन-चार घरं आणि हे चर्च. मनोरा नाही, पश्चिमेच्या भिंतीच्या माथ्यावर दोन घंटांपुरती दगडी चौकट. आत लाकडी बाकं पेटीसारखी, दारं असलेली. एक उंच, एक ठेंगणं, एकाचं दार तिरकं झालेलं. प्रत्येक घराची बैठक वेगळी आणि पायांना वारा लागू नये म्हणून चारही बाजू बंद. फरशी कुठे खचलेली. पायाखाली बघून चाला.

भिंतींवर चित्रं आणि अक्षरं, एकावर एक. मध्ययुगातला लाल रंग, त्यावर पुढच्या शतकांतली बायबलमधली वचनं, त्यावर आणखी वचनं. वरचा थर जिथे पडला तिथून खालचा डोकावतो. कुठलंच वाक्य पूर्ण वाचता येत नाही. आपल्या जुन्या वाड्यात गेरूखाली निळ, निळीखाली चुना दिसतो तसं.

दक्षिणेच्या बाजूला भिंतीत बसवलेलं एक शिल्प चुकवू नका. आई आणि मांडीवर मूल, वरून देवाचा हात खाली आलेला. सॅक्सन काळातलं, म्हणजे हजार वर्षांच्या आसपासचं. त्यावर बारीक रेघा ओरखडलेल्या दिसतील. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हा दगड बाहेरच्या भिंतीत होता आणि कोणीतरी त्यावर सूर्यघड्याळ करून टाकलं होतं.

हे सगळं वाचलं कारण कवी आणि नक्षीकार विल्यम मॉरिस काही मैलांवर केल्म्स्कॉटला राहायचा. जुन्या इमारती 'सुधारण्या'च्या नावाखाली खरवडू नका, नुसत्या सांभाळा, हे सांगायला त्याने १८७७ साली एक संस्था काढली. ती अजून काम करते. १८८८-८९ मध्ये त्याच्या पुढाकाराने इंगल्शमची दुरुस्ती झाली, ती न बदलण्याची दुरुस्ती. मॉरिसची कबर केल्म्स्कॉटच्या चर्चच्या आवारात आहे. दोन्ही एका दुपारी होतात.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा पाच मिनिटांत बाहेर आलो होतो. सोबतच्या आत्याबाई अर्ध्या तासाने आल्या आणि म्हणाल्या, "कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखं आहे रे." मग मी परत आत गेलो.

१०. मूर्तींची डोकी का उडवलेली आहेत? आणि चित्रांवर चुना कोणी फासला?

इंग्लंडच्याच लोकांनी, आणि धर्माच्याच नावाने. आठव्या हेन्रीने १५३४ मध्ये रोमच्या पोपशी संबंध तोडले. त्याच्या मुलाच्या, सहाव्या एडवर्डच्या काळात संतांच्या मूर्ती आणि चित्रं ही मूर्तिपूजा ठरली. भिंतींवर चुना चढला आणि त्यावर वचनं आणि राजाची मुद्रा आली. उरलंसुरलं शंभर वर्षांनी यादवी युद्धात गेलं. १६४३-४४ मध्ये विल्यम डाउझिंग नावाचा माणूस केंब्रिजशर आणि सफकमधल्या चर्चांतून हिंडला. कुठे किती चित्रं फोडली याची त्याने रोजनिशी ठेवली, ती उपलब्ध आहे.

गंमत अशी की चुन्यानेच चित्रं वाचवली. ग्लॉस्टरशरमधल्या केम्प्लीच्या लहानशा चर्चमध्ये बाराव्या शतकातली चित्रं एकोणिसाव्या शतकात चुन्याखालून निघाली. चॅन्सलच्या छतावर ख्रिस्त, खाली दोन ओळींत त्याचे शिष्य माना वर करून बघताहेत. दाराच्या समोरच्या भिंतीवर खांद्यावर मूल घेतलेला राक्षसासारखा मोठा माणूस कुठे दिसला तर तो संत ख्रिस्तोफर. सकाळी त्याचं दर्शन झालं तर त्या दिवशी अकस्मात मरण येत नाही, अशी समजूत होती. म्हणून तो दारातून दिसेल असा.

भंगलेली मूर्ती आपण पाण्यात सोडतो. इथे ती फोडलेल्या अवस्थेत चारशे वर्षं जागच्या जागी आहे. याची सवय व्हायला वेळ लागतो.

११. तिथल्या काकांनी सांगितलं की ही कुष्ठरोग्यांची खिडकी, तो दरवाजा सैतानाचा. खरं का?

आपल्याकडे प्रत्येक लेणं पांडवांनी एका रात्रीत खोदलेलं असतं. हे त्यातलंच. ऐकायचं, हसून मान डोलवायची.

चॅन्सलच्या भिंतीतली ठेंगणी खिडकी बाहेर उभ्या कुष्ठरोग्यांना उपासना दिसावी म्हणून, असं सांगतात. त्यांना गावापासून दूर ठेवण्याचाच प्रघात होता, तेव्हा ते पटत नाही. आतून हातघंटा वाजवल्याचा आवाज बाहेर जावा म्हणून ती असावी, हे जास्त संभवतं. उत्तरेचं बुजवलेलं दार बाप्तिस्म्याच्या वेळी सैतानाला बाहेर पडायला ठेवायचे, ही दुसरी कथा. खरं तर मिरवणुका त्या दारातून निघत. सोळाव्या शतकात मिरवणुका बंद पडल्या आणि गार वारा येतो म्हणून दार चिणलं. कबरीवरच्या दगडी सरदाराने पाय एकावर एक टाकलेत म्हणजे तो क्रुसेडला, जेरुसलेमच्या धर्मयुद्धाला, गेला होता, हेही चूक. तेव्हाच्या शिल्पकारांची ती ढब. चॅन्सल जरा वाकडं असणं म्हणजे क्रुसावर कललेली ख्रिस्ताची मान, असं म्हणतात. दोरी नीट धरली नाही, एवढंच. आवारातली यू झाडं धनुष्यांसाठी लावली, ही कथाही तशीच: चांगलं धनुष्याचं लाकूड इटली-स्पेनकडून यायचं.

१२. चर्च गावापासून इतकं लांब, शेतात का?

बहुतेक वेळा चर्च जागेवर आहे, गाव हललं. कधी जमीनदाराने मेंढ्यांसाठी गाव उठवलं, कधी वाड्यासमोरचा देखावा मोकळा हवा म्हणून, कधी लोक रस्त्याच्या दिशेने सरकले. प्लेगला सगळ्याचा दोष देतात. पण एका साथीने कायमची ओस पडलेली गावं थोडीच. इंगल्शमभोवतीही जुन्या गावाच्या खुणा कुरणात उंचसखल दिसतात. सूर्य खाली असताना बघा.

१३. एकीकडे दगडी, एकीकडे गारगोटीचं, एकीकडे गोल मनोरा. असं का?

हाताशी असेल तो माल. कॉट्सवोल्डमध्ये मधासारखा चुनखडक, हेरफर्डकडे तांबडा वालुकाश्म, कॉर्नवॉलमध्ये ग्रॅनाइट, नॉरफकमध्ये शेतातून निघणाऱ्या गारगोट्या. एसेक्समधल्या ग्रीनस्टेडला तर नेव्हच्या भिंती उभ्या चिरलेल्या ओकच्या ओंडक्यांच्या आहेत, अकराव्या शतकातल्या.

गोल मनोरे एकट्या नॉरफकमध्ये १२० च्या वर आहेत. गारगोटीने कोपरा काढता येत नाही म्हणून गोल, हे कारण नेहमी सांगतात. पण त्याच गारगोटीची चौकोनी चर्चं त्या मनोऱ्यांना चिकटून उभी आहेत, त्यामुळे ते कारण पुरतं पटत नाही.

१४. मनोऱ्याखाली लोंबणारा दोर ओढून बघू का?

अजिबात नको. दोराला लाल-पांढऱ्या-निळ्या लोकरीची जाड मूठ असते, मुलांना मोह होतो. वर शेकडो किलोची घंटा चाकावर उलटी उभी करून ठेवलेली असली तर दोर माणसाला वर ओढून नेतो. हात मोडलेले आहेत.

वाजवणारे भेटले तर मात्र जरूर ऐका. इथे सूर वाजवत नाहीत, क्रम वाजवतात. सहा घंटांचे ७२० क्रम होतात, सातांचे ५,०४०. एकही क्रम परत न येऊ देता तीन तास वाजवायचं. हे इंग्लंडचं खास वेड आहे. पुण्यात गुरुवार पेठेतल्या पवित्र नाम देवालयाच्या, म्हणजे पंचहौदच्या, उंच मनोऱ्यातही इंग्लंडहून आणलेल्या आठ घंटा आहेत. हेच ते पंचहौद, जिथे १८९० साली चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांवर प्रायश्चित्ताची पाळी आली.

१५. चर्चच्या भोवती सगळ्या कबरी. तिथून चालणं, डबा खाणं बरं दिसतं का? घरी जाऊन आंघोळ?

वाट कबरींमधूनच जाते, लोक रोज जातात. कबरीवर पाय न देता कडेने चाला. बाकावर बसून डबा खाल्ला तरी कोणी काही म्हणत नाही. ताजी फुलं असलेल्या बाजूला बसू नका, तिथे नात्यातले येतात. आंघोळीचं तुमचं तुम्ही ठरवा. माझी आई करायची.

आवाराची जमीन बाहेरच्या रस्त्यापेक्षा उंच दिसेल. शेकडो वर्षं एकावर एक माणसं पुरल्याने ती चढली आहे. साध्या माणसांच्या कबरींवर दगड बसवायची रीत मात्र साधारण सतराव्या शतकापासूनची. त्याआधीचे बहुतेक निनावी.

१६. आतल्या संगमरवरी पाट्यांवर पूना, किरकी अशी नावं दिसली. हे कोण?

कंपनीचे किंवा फौजेचे अधिकारी. तिकडे मेले, तिकडेच पुरले, गावच्या चर्चमध्ये घरच्यांनी पाटी लावली. तापाने, कॉलऱ्याने, लढाईत. वयं बघा, वीस-बावीस. पाटी अर्थातच एका बाजूची गोष्ट सांगते. १८१७ च्या खडकीच्या लढाईत समोर बापू गोखले होते, हे तुम्हाला माहीत असतं, पाटीला नाही.

१७. गेलो तेव्हा उपासना चालू होती. बसलो तर चालेल का? प्रसाद देतात तो घ्यावा का?

मागच्या बाकावर बसा. सगळे उठले की उठा, बसले की बसा. प्रभुभोजनाची भाकर आणि द्राक्षारस बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. तो आपल्या अर्थाने प्रसाद नव्हे. तुम्ही जागेवर बसून राहू शकता, किंवा पुढे जाऊन हात छातीवर दुमडून मान लववा, म्हणजे पाळक फक्त आशीर्वाद देतात. नंतर मागे चहा-बिस्किटं असतात. ती सगळ्यांसाठी. फोटो उपासनेनंतर.

एका पाळकाकडे सहा-आठ गावं असतात, त्यामुळे एखाद्या चर्चमध्ये महिन्यातून एकदाच उपासना होते.

१८. आपल्या माणसांशी जोडलेलं एखादं चर्च सांगा.

वाँटेज. ऑक्सफर्डशरमधलं बाजाराचं गाव, चौकात राजा आल्फ्रेडचा पुतळा, जवळच चर्च. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला आल्या त्या इथल्या भगिनींच्या मठात उतरल्या, आणि २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि लहानग्या मनोरमेचा बाप्तिस्मा याच चर्चमध्ये झाला. पुढे याच भगिनींशी त्यांचे धर्मावरून कडक वाद झाले. कोणाचंही निमूट ऐकणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. या भगिनींचं काम पुण्यात पंचहौदलाही होतं (प्रश्न १४). चर्च मोठं आहे, खेड्यातलं नव्हे, पण इंगल्शमच्या फेरीत जोडून करता येतं.

१९. घर घेतोय. वकिलाने 'चॅन्सल' दुरुस्तीचं काहीतरी काढलंय. चर्चचा आमच्याशी काय संबंध?

जुन्या रीतीनुसार नेव्ह गावाने सांभाळायची आणि चॅन्सल रेक्टरने, म्हणजे गावच्या मुख्य पाळकाने. म्हणूनच दोन्हींची उंची, छप्पर, दर्जा जुळत नाही: पैसे वेगवेगळ्या खिशांतले (प्रश्न ६ मधले सांधे बघा). रेक्टरच्या जमिनी पुढे विकल्या गेल्या आणि काही ठिकाणी दुरुस्तीची जबाबदारी जमिनीसोबत गेली. वॉरिकशरमधल्या ॲस्टन कॅन्ट्लोच्या चर्चचा खटला हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २००३ मध्ये निकाल लागला आणि शेतजमिनीच्या मालकांवर दीड लाख पौंडांहून जास्त रकमेचा बोजा पडला.

ऑक्टोबर २०१३ नंतर नियम बदलला. ही जबाबदारी जमिनीच्या नोंदीत चढवलेली नसेल तर त्यानंतर पैसे देऊन घेणाऱ्यावर ती सहसा येत नाही. तरी वकील तपासतात, आणि स्वस्तातला विमा काढायला सांगतात. तुमच्या घराचं उत्तर तुमच्या वकिलाकडूनच घ्या.

२०. शौचालय असतं का? आत थंडी?

बहुतेक ठिकाणी नसतं. थंडी जुलैतही असते. बाकांवर काळे दाणे दिसले तर ते वटवाघळांचे. कायद्याने संरक्षित आहेत, हाकलता येत नाहीत.

२१. दाराजवळच्या वहीत मराठीत लिहिलं तर चालेल का?

चालेल. वही कोणीतरी वाचतं. एका चर्चवॉर्डन बाईंनी मला वहीतलं एक पान दाखवून विचारलं होतं, इथे काय लिहिलंय? "छान आहे. गारवा आहे. नातवाला झोप लागली." एवढंच होतं; त्यांनी ते माझ्याकडून इंग्रजीत लिहून घेतलं. वहीसोबतचं पेन दोरीला बांधलेलं असतं आणि उमटत नाही. आपलं न्या.